आमच्या गावची बारा मतं

दसरा झाला की आमच्या भागातल्या द्राक्षबागा एकदम उघड्या पडतात. कालपर्यंत ज्या मांडवाखाली भरदुपारी गारवा असतो, तिथं छाटणीनंतर नुसत्या तपकिरी काड्या उरतात. एरवी पानांमुळे शेजारच्या ओळीतलं माणूस दिसत नाही. या आठ-दहा दिवसांत मात्र बागेच्या एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाला कोण आहे, काय करतंय, कोणाशी बोलतंय, सगळं दिसतं. मला हे दिवस फार आवडायचे. आता मी त्या मोकळ्या बागेत उभी राहते आणि लांब दोन माणसं बोलताना दिसली की माझ्याबद्दल तर नाही ना, असं मनात येतं. ही खोड मला एका हंगामाने लावली.

हल्ली आम्ही नाशिकला राहतो, पाथर्डी फाट्याजवळ. माझा नवरा सुनील अंबडच्या एका कारखान्यात आहे आणि मुलगी इथल्याच शाळेत शिकते. पण छाटणीला आठ दिवस मी गावी जातेच. गाव निफाडपासून सात-आठ किलोमीटरवर. तिथली शेती थोरले दीर बघतात. त्यांना घरात आणि गावात सगळेच दादा म्हणतात. त्यांच्या बायको शोभाताई, माझ्या थोरल्या जाऊबाई. पेठ-सुरगाण्याकडची मजूर माणसं काड्यांच्या डोळ्यांना, म्हणजे नवा फुटवा येतो त्या जागांना, फूट लवकर यावी म्हणून गुलाबी पेस्ट लावत ओळीओळीने पुढे सरकतात, आणि त्यांच्या हातून सुटलेले डोळे शोधत आम्ही दोघी जावा मागून चालतो. पेस्टचा वास नाकात बसतो, घरी येऊन अंघोळ केली तरी भाकरीला तोच वास येतोय असं वाटतं.

यंदा असंच चालता चालता मोबाइल वाजला. पक्षाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप होता. गटातल्या सगळ्या सदस्यांना कळवण्यात येतंय की जिल्हा परिषदेचा आपला उमेदवार याही वेळी सदस्यांच्या मतदानाने निवडला जाईल. गाव सोडून इतकी वर्षं झाली तरी माझं नाव त्या ग्रुपवर तसंच राहिलं होतं. मी निरोप वाचला आणि वर पाहिलं. शोभाताई स्वतःचा फोन पाहत होत्या. त्यांनी तो बंद करून पिशवीत टाकला. मग मी बांधाकडे पाहिलं. तिथं दादा उभे होते, हातात फोन घेऊन, आणि ते माझ्याकडे पाहत होते.

मी पुन्हा सुटलेले डोळे शोधायला लागले. पण मागच्या वेळचं सगळं आठवलं.

मागच्या निवडणुकीच्या वर्षी आमचा जिल्हा परिषदेचा गट महिलांसाठी राखीव निघाला होता. दादांनी पंधरा वर्षं पक्षाचं काम केलेलं. सभेच्या सतरंज्या घालण्यापासून नेत्यांच्या गाड्यांना वाट करून देण्यापर्यंत सगळं. या खेपेला आपला नंबर, असं त्यांनी धरून ठेवलेलं, आणि आरक्षण असं आलं. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, "शोभाचं नाव देतो."

शोभाताई भाकरी थापत होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि पुढचा गोळा घेतला. मी शेजारी मेथी निवडत बसले होते. मला बरं वाटलं, घरात मान येतोय म्हणून. त्यांना काय वाटलं ते मी विचारलं नाही.

दुसरं नाव आलं शेजारच्या गावातून. तिथल्या डॉक्टरीणबाईंचं. त्यांचा लहानसा दवाखाना होता आणि आसपासच्या चार गावांतल्या बायका त्यांच्याकडे जात. दोन्ही बाजू नाशिकच्या पक्ष कार्यालयात जाऊन बसायला लागल्या तेव्हा वरच्यांनी अंग काढून घेतलं आणि फर्मान काढलं, गटातल्या पक्षाच्या सदस्यांनीच मत द्यावं, ज्याला जास्त मतं त्याला तिकीट. आमच्या गावात असे बेचाळीस सदस्य होते. त्यातले सहा आमच्याच घरचे.

मग फ्लेक्स लागले. त्यावर दादांचा फोटो मोठा आणि शोभाताईंचा लहान. त्यांचा एकटीचा फोटो घरात सापडेना म्हणून कुठल्यातरी लग्नातल्या फोटोतून कापून घेतलेला. त्यांच्या खांद्यावर दुसऱ्या बाईची चार बोटं तशीच राहिलेली. मुलं त्या बोटांना हसायची. गावातल्या सदस्यांना दादांनी खंडोबाच्या देवळात नेऊन बेलभंडारा उचलायला लावला. घरच्यांना सोडलं. घरच्यांना शपथ कशाला, असं सगळ्यांनाच वाटलं.

या सगळ्या धावपळीत दादांच्या बरोबर सावलीसारखे होते ते पोपटनाना. आमच्या बांधाला त्यांचा बांध लागून. दोघांनी एकाच दिवशी पक्षाच्या सदस्यत्वाची पावती फाडलेली. ट्रॅक्टर आमचा आणि औषध फवारायचा ब्लोअर नानांचा, अशी दोन शेतं मिळून एक असल्यासारखी चालत. नानांची बायको सिंधूकाकू, तिच्या हातची शेंगदाण्याची चटणी आमच्या घरी बरणीने यायची. मतमोजणीला आत आपला माणूस कोण बसणार, हे ठरवायला दादांना विचारही करावा लागला नाही.

मतदान निफाडच्या एका मंगल कार्यालयात झालं. प्रत्येकाला कोरी चिठ्ठी, तिच्यावर आपल्या हाताने नाव लिहायचं आणि डब्यात टाकायचं. कोणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे, पण प्रत्येक गावाचा डबा वेगळा ठेवला होता. मोजणी नवरीच्या खोलीत झाली. नाशिकहून आलेले दोन निरीक्षक आणि दोन्ही बाजूंचा एकेक माणूस एवढेच आत. आम्ही बाहेर हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. समोरच्या भिंतीवर आदल्या दिवशीच्या लग्नाची थर्माकोलची नावं अर्धी निघालेली, अर्धी तशीच.

निकाल माइकवर वाचला. गावागावाचा. आमच्या गावाचं नाव आलं तेव्हा दादा जरा पुढे सरकून बसले. शोभाताई तीस, डॉक्टरीणबाई बारा.

बारा. आजूबाजूच्या खुर्च्यांवर आमच्याच गावची माणसं बसली होती आणि त्या क्षणी कोणीच कोणाकडे पाहिलं नाही. शेवटी सगळ्या गावांची बेरीज झाली, तेव्हा शोभाताई नऊ मतांनी हरल्या होत्या. आमच्या गावची बारा फिरली नसती तर त्या जिंकल्या असत्या, हे गणित हॉलमधल्या प्रत्येकाने मनातल्या मनात केलं असेल. दादांनी ते मोठ्याने केलं.

मी पाणी प्यायला मागच्या बाजूला गेले. तिथं गाड्या लावायच्या जागेत नाना आणि डॉक्टरीणबाई उभे होते. दोघंच. त्या हळू आवाजात काही सांगत होत्या, नाना मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी नानांच्या हातावर हात ठेवला आणि निघून गेल्या. मी खांबाआड थांबले. नानांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि मग ते आमच्या गाडीकडे आले. परतताना गाडीत शोभाताईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढून डोळे मिटले होते. रडत असतील, असं मला वाटलं.

त्यानंतरचे दोन महिने संशयातच गेले. औषधाच्या कंपनीच्या कॅलेंडरमागे दादांनी बेचाळीस नावं लिहिली आणि रोज एखाद्या नावाभोवती गोल काढायला सुरुवात केली. कोणी समोरून येऊन नेहमीपेक्षा जरा जास्त वाकून नमस्कार केला, गोल. कोणी पाहिलं न पाहिल्यासारखं करून गेलं, गोल. एकाच्या मुलाला नोकरी लागली म्हणून तो जिलबी घेऊन आला, तर दादा म्हणाले, "एवढा आनंद नेमका कशाचा व्हतोय?" जिलबी तशीच राहिली, तिला मुंग्या लागल्या.

मीही यातून सुटले नव्हते. मी दादांना मनातून हसत होते आणि स्वतःची वेगळी यादी चालवत होते. दळणाला गेलं की कोणती बाई गप्प होते, किराणा दुकानात मी शिरल्यावर कोणाचं बोलणं अर्धवट तुटतं, हे मी लक्षात ठेवायला लागले. माणसाचं साधं खोकणंही मला खूण वाटायचं. संशयाला एक चव असते आणि सुरुवातीला ती चांगली लागते, हे कबूल करायला हवं. आपण इतरांपेक्षा हुशार आहोत, आपल्याला आतलं दिसतं, असं वाटत राहतं. चव बिघडते ती पुढे, जेव्हा कोणी आपल्याकडे तसं पाहतं तेव्हा.

ते लवकरच झालं. डॉक्टरीणबाईंचा भाऊ सुनीलच्याच कारखान्यात कामाला होता. एकदा जेवताना दादांनी सहज विचारावं तसं विचारलं, "तुमची वळख कितपत?" सुनीलने हातातला घास खाली ठेवला. "दादा, काय विचारायचंय ते सरळ विचारा."

"इचारायचं काय. वळख हाय का, एवढंच."

सुनील ताटावरून उठला. पुढच्या जूनमध्ये आम्ही नाशिकला बिऱ्हाड केलं. मुलीची शाळा हे कारण आम्ही सगळ्यांना सांगतो. ते खरं आहे, पण पूर्ण खरं नाही.

नानांवर मात्र दादांनी गोल काढला नव्हता. त्यांना फक्त माहिती हवी होती. एका सकाळी आमच्या ओट्यावर त्यांनी नानांना घेरलं. "तू आत व्हता. चिठ्ठ्या तुझ्या डोळ्यापुढून गेल्या. अक्षरं वळखली असशील."

"मी नाय वळखलं कोणाचं," नाना म्हणाले.

"सगळे एका शाळेत शिकलो आपण. फळ्यावर कोणी काय लिव्हलं ते तू लांबून सांगायचा. आन आता एक अक्षर वळखू आलं नाय?"

"नाय आलं."

नाना पायातल्या चपलेकडे बघत बोलत होते. मी दारात उभी होते. माणूस खोटं बोलताना कसा दिसतो ते मी तेव्हा अगदी जवळून पाहिलं, आणि नाना खोटं बोलत होते यात मला शंका उरली नाही. ते गेल्यावर मी दादांना सांगून टाकलं. निकालाच्या दिवशी गाड्यांच्या मागे नाना आणि डॉक्टरीणबाई कसे बोलत होते, त्यांनी नानांच्या हातावर हात कसा ठेवला, नानांनी तोंड कसं पुसलं. मी एक शब्दही वाढवून सांगितला नाही. तशी गरजच नव्हती.

दादांनी कॅलेंडर खाली काढलं आणि त्या एका नावावर पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

ब्लोअर परत गेला. बांधावर काटेरी कुंपण आलं. दिवाळीनंतर अवकाळी पाऊस झाला, दोन दिवस धुकं उतरलं नाही आणि फवारणीला भाड्याचा ब्लोअर विंचूरकडून येईपर्यंत आमच्या खालच्या बागेच्या पानांवर रोग पसरला. घड काळे पडून गळायला लागले. कुंपणापलीकडे नानांचा ब्लोअर चालू असल्याचा आवाज यायचा. दादा ओट्यावर बसून तो आवाज संपेपर्यंत ऐकत राहायचे. मग कोणीतरी येऊन सांगितलं की सिंधूकाकूला नाशिकला दवाखान्यात ठेवलंय, ऑपरेशन आहे. दादा म्हणाले, "कोणत्या डॉक्टरीणीनं धाडलं ते इचारा." आणि आम्ही कोणीच गेलो नाही. मीही नाही. मी पुढे नाशिकला राहायला आले, सिंधूकाकू तपासणीला वर्षभर नाशिकला येत होती, ते मला कळत होतं, आणि मी तिला कधी भेटले नाही.

डॉक्टरीणबाई निवडून आल्या. नंतरच्या निवडणुका लांबत गेल्या, आज होतील, उद्या होतील म्हणता म्हणता माझी मुलगी पहिलीतून दहावीला आली. आठ-नऊ वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. तेवढ्या काळात माणसाने विसरायला हवं. पण नाशिकमध्ये भाजीवालीने मला दोन कांदे वरून टाकले की अजूनही माझ्या मनात येतं, आज का बरं टाकले असतील?

निरोप आला त्याच दुपारी मजूर जेवायला बसले आणि आम्ही दोघी पंपाच्या खोलीच्या सावलीत बसलो. शोभाताई डबा उघडत होत्या. मी म्हटलं, "गट यंदाही बायकांसाठीच राखीव निघालाय. दादा याही वेळी तुमचंच नाव देणार."

"देऊ देत की."

त्यांनी भाकरी मोडली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "एक सांगू का तुला? मागच्या वेळी मी माझं नाव लिहिलं नव्हतं."

चिठ्ठी कोरी टाकली असेल असं मला वाटलं. तसं मी म्हणालेही.

"कोरी नाही. डॉक्टरीणबाईंचं लिहिलं. आडनावासकट."

पहिली गोष्ट मनात आली ती अशी, की या कोणाला तरी वाचवताहेत. मी विचारलं, "खरं सांगताय?"

त्या हसल्या. "बघ. तुलाही खरं वाटत नाही."

"पण का, ताई?"

"मला नको होतं ते. सही माझी आणि शब्द यांचा. मीटिंगला हे पुढच्या खुर्चीत आणि मी मागं चहाचं बघायला. ती बाई शिकलेली, तिला त्यातलं कळत होतं. माझ्यापेक्षा ती बरी, असं मला वाटलं. मत मागितलं होतं ना, मग दिलं."

"मग आधीच सांगायचं होतं उभी राहत नाही म्हणून."

"कोणाला सांगायचं होतं? तू विचारलंस का मला?"

मी खाली पाहिलं. बेचाळीस माणसं आम्ही चाळणीतून गाळली होती. कोणाच्या खोकल्यावर, कोणाच्या नमस्कारावर, कोणाच्या जिलबीवर आम्ही बोट ठेवलं. त्या यादीत शोभाताईंचं नाव होतं आणि त्यावर कोणाचंही बोट गेलं नाही. त्यांच्यावर आमचा विश्वास होता म्हणून नव्हे. त्यांना स्वतःचं असं काही मत असेल, हेच कोणाच्या डोक्यात आलं नाही. संशय घ्यायचा तर समोरच्याला मन आहे, एवढं तरी मानावं लागतं.

"नानांना माहीत होतं?" मी विचारलं.

"असणार. गावात कोणाच्याही घरचं लग्न असलं तरी पत्रिकेवर नावं मीच घालते. माझं अक्षर ते ओळखणार नाहीत असं होईल का?" त्यांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला होता. "रोज ठरवायचे, आज सांगते. मग यांचं तोंड बघायचे. एक दिवस गप्प बसलं की दुसऱ्या दिवशी बोलणं आणखी अवघड होतं. असं करत करत ती काकू ऑपरेशन करून आली, आणि मग मला त्यांच्या दारात जायची लाज वाटायला लागली."

"नानांचं दादांना मी सांगितलं होतं," मी म्हटलं. "गाड्यांच्या मागचं."

"माहीत आहे मला. मी आतच होते."

शोभाताईंनी भाकरी डब्यात परत ठेवली. समोर उघड्या काड्यांवर गुलाबी ठिपके वाळत होते. शेवटी त्याच उठल्या. "चल, उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला आम्ही कुंपणाला वळसा घालून नानांच्या वस्तीवर गेलो. नाना ओट्यावर कात्रीला धार लावत होते. केस पार पांढरे झालेले. त्यांनी आम्हाला पाहिलं, कात्री खाली ठेवली नाही. बसा म्हणाले नाहीत. सिंधूकाकू दारात आली. मी तिला इतक्या वर्षांनी जवळून पाहत होते. ती वाळली होती, पण डोळे तसेच होते. तिने पाणी आणून दिलं. चहाचं विचारलं नाही.

शोभाताई उभ्या उभ्याच म्हणाल्या, "नाना, त्या बारातली एक चिठ्ठी माझी होती."

"ठाव हाय मला." नानांनी पात्यावरून अंगठा फिरवला. "सुरुवातीलाच निघाली ती. मला वाटलं, वहिनी चुकल्या. मग म्हणलं, आडनावासकट कोण चुकतं?"

"मग सांगितलं का नाही? तुमच्यावर सगळं आलं."

"सांगून काय झालं असतं? दादा त्या दिवसात ताळ्यावर नव्हता. माझा दोस्त गेला तर गेला. तुम्हाला त्याच घरात राह्यचं व्हतं." कात्री मांडीवर ठेवून ते म्हणाले, "आन मत तुमचं व्हतं. ते मी कोणाला सांगणार?"

शोभाताई ओट्याच्या कडेवर बसल्या. पदराने तोंड झाकून रडायला लागल्या. सिंधूकाकू त्यांच्याकडे बघत राहिली, जवळ गेली नाही. मी धीर करून विचारलं, "नाना, निकालाच्या दिवशी डॉक्टरीणबाई तुमच्याशी काय बोलत होत्या?"

उत्तर सिंधूकाकूने दिलं. "माझ्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला होता. त्यांना सकाळीच कळलं होतं. यांना मोजणीत त्रास नको, म्हणून निकाल लागेपर्यंत थांबल्या, मग सांगितलं."

मी म्हटलं, "मी ते लांबून पाहिलं होतं काकू. दादांना मीच सांगितलं."

"कोणीतरी सांगितलं असणार हे माहीत होतं," ती म्हणाली. "तू असशील असं नव्हतं वाटलं."

एवढंच. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि भांड्यांचा आवाज यायला लागला.

आम्ही उठलो तेव्हा नाना म्हणाले, "बाकीच्या अकरा कोणाच्या, ते मला इचारायचं नाय."

कोणी विचारलं नव्हतं. पण माझ्या ओठांवर तेच होतं, आणि ते त्यांनी बरोबर ओळखलं. इतकं ऐकून, इतकी लाज वाटूनही माझं मन तिथंच घुटमळत होतं. त्यातली एखादी खुद्द नानांची तर नसेल ना, हेही मनात येऊन गेलं. मी स्वतःला आवरलं. आवरावं लागलं, हे लिहून ठेवते.

कुंपणापर्यंत ते आमच्याबरोबर आले. तिथं थांबून शोभाताईंना म्हणाले, "वहिनी, राग नका मानू. परत मतदान लागलंय. त्याच्यासाठी तर नाय ना आल्या?"

"मी उभीच राहणार नाही, नाना."

"मग ठीक हाय," ते म्हणाले. पण ते आमच्याकडे जसे बघत होते, त्यात ठीक नव्हतं. वळणापर्यंत आमच्या पाठीवर त्यांची नजर आहे, हे मला जाणवत होतं. मी ती नजर ओळखते. मीही लोकांकडे तशीच बघत आले आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादांनी चहाचा कप हातात घेऊन विषय काढलाच. "यंदा नीट बांधणी करू. शोभाचंच नाव." शोभाताईंनी गॅस बंद केला, त्यांच्यासमोर येऊन बसल्या आणि सांगितलं. अगदी मला सांगितलं होतं तसंच, एकेक वाक्य सुटं करून.

दादा आधी हसले. मग त्यांचं हसू गेलं. "कोणाला वाचवतीस?"

"कोणालाच नाही."

"काल सांजच्याला कुठं गेल्या व्हत्या दोघी?"

"नानांकडं."

"मग बरोबर. तिथून शिकून आलीस." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू आली आन हे सुरू झालं."

मला राग यायला हवा होता. पण मी बघत होते ते त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांकडे. गावातल्या कित्येकांबद्दल, एका मित्राबद्दल, सख्ख्या भावाबद्दल त्यांनी कसलाही पुरावा न मागता वाट्टेल ते मानलं होतं. आणि ज्या बाईबरोबर तीस वर्षं एका छताखाली काढली, ती समोर बसून स्वतःच्या तोंडाने सांगत होती, तर तिचा शब्द त्यांना पुरत नव्हता.

"अर्जावर सही माझी लागते," शोभाताई म्हणाल्या. "ती मी करणार नाही."

दादांनी कप खाली ठेवला. मग वेगळ्याच, लहान आवाजात म्हणाले, "त्या दिवशी गाडीत तू डोळे मिटले व्हते. रडत व्हती का?"

"नाही."

"मग?"

"हसू येत होतं," शोभाताई म्हणाल्या. "आणि भीतीही वाटत होती."

दादा उठून बागेत गेले. दोन दिवस ते फक्त जेवायला घरात येत होते. तिसऱ्या दिवशी पक्षाच्या माणसाचा फोन आला तेव्हा मी पलीकडच्या खोलीत होते. दादा म्हणाले, "आमच्या घरातून नाव नाय." कारण सांगितलं नाही. पलीकडचा माणूस तिथं बसून काय काय तर्क करत असेल, याची मी कल्पना करू शकते.

मी नाशिकला परत आले. पेस्ट लावून दहा-बारा दिवस झाले होते, डोळे फुटायला लागले असतील म्हणून रविवारी सकाळी शोभाताईंना फोन केला. बागेचं बोलून झालं. मग त्या म्हणाल्या, "अगं, हे सकाळी मोटरसायकलवरून नानांच्या वस्तीपुढून गेले. एरवी लांबच्या रस्त्याने जातात."

"थांबले?"

"थांबले नाहीत. पण गाडी हळू केली. मी गच्चीवरून बघत होते. नाना ओट्यावर होते, त्यांनी हात केला."

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की दादा दुसऱ्या कोणाच्या तरी बाजूने मतं फिरवायला निघाले असतील, म्हणून हळू केली. नानांच्याही मनात तेच आलं असणार. तरी त्यांनी हात केला.

"आणि दादांनी?" मी विचारलं.

"ते काही दिसलं नाही मला," शोभाताई म्हणाल्या. "वळणावर शेवगा आहे ना, तो मधे आला."